एकाच चुलीचे अन्न, पोषण मात्र निरनिराळे
राजस्थानातील आहारविषयक पाहण्यांचा मागोवा

जयपूर – घरात शिजलेले अन्न कुटुंबातील प्रत्येकाला त्याच्या गरजेइतके मिळते किंवा नाही, हे केवळ घरातील धान्य मोजून कळत नाही. आहारविषयक संशोधनातील ही जुनी अडचण असून राजस्थानातील आकडेवारीमुळे तिच्याकडे पुन्हा लक्ष वेधले जाते.

कुटुंबाच्या आहाराची पाहणी करताना सामान्यतः मागील चोवीस तासांत काय शिजले, याची नोंद घेतली जाते. पाहणी करणारा कर्मचारी मापाच्या वाट्या आणि तराजू घेऊन घरी जातो, कच्च्या शिध्याचे वजन विचारतो आणि शिजलेल्या पदार्थाची किती वाटी कोणी खाल्ली, हे घरातील गृहिणीकडून जाणून घेतो. १९७२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्यूरोने याच पद्धतीचा अवलंब केला. ब्यूरोचे काम प्रारंभी ज्या दहा राज्यांत सुरू झाले, त्यांत महाराष्ट्र होता, राजस्थान नव्हते.

वेगवेगळ्या वयाच्या माणसांची बेरीज करण्यासाठी ‘उपभोग एकक’ हे माप वापरतात. बैठे काम करणारा प्रौढ पुरुष म्हणजे १ एकक, तसेच काम करणारी स्त्री ०.८, तर तीन ते पाच वर्षांचे मूल ०.५. हिशेबाला हे सोयीचे आहे, परंतु ही एकके उष्मांकांच्या गरजेवर आधारलेली आहेत आणि नेमका येथेच घोटाळा होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० मधील शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या पुरुषास दररोज सुमारे २,११० किलोकॅलरी लागतात, तर स्त्रीस १,६६०. लोहाची गरज मात्र उलट आहे. पुरुषास १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीस २९ मिलिग्रॅम. म्हणजे तिने कमी खावे, पण त्यातून दीडपट लोह मिळवावे, अशी ही स्थिती आहे. स्त्रिया पुरुषांनंतर जेवतात अशा घरांत, भाकरी उरली तरी भाजी-डाळ उरेलच असे नाही. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात जेवणाचा हा क्रम स्वतंत्र प्रश्न म्हणून विचारण्यात आला होता.

राजस्थानच्या नेहमीच्या जेवणातील बाजरीत लोह चांगल्या प्रमाणात असते, पण धान्यातील फायटेटमुळे ते शरीरात पुरेसे शोषले जात नाही. जेवणासोबत चहा घेतल्यास शोषण आणखी घटते. लिंबू किंवा आवळ्याने ते वाढते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राजस्थानात १५ ते ४९ वयोगटातील ५४.४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याआधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४६.८ टक्के होते. याच वयोगटातील पुरुषांत ते २३.२ टक्के, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत ७१.५ टक्के आढळले. रक्तक्षयाची कारणे केवळ आहारात नसतात, हे येथे लक्षात ठेवावे लागेल. महाराष्ट्रातील स्त्रियांचे प्रमाण ५४.२ टक्के होते, त्यामुळे हा केवळ वाळवंटी प्रदेशाचा प्रश्न आहे, असे म्हणता येत नाही.

जयपूर शहराचे चित्र वेगळे आहे. डॉ. राजीव गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ‘जयपूर हार्ट वॉच’ ही अभ्यासमाला सुरू केली. शहरातील प्रौढांच्या पाहण्या काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा केल्या गेल्या आणि वीस वर्षांत स्थूलता वाढल्याचे त्यांतून दिसले. १९९७ मध्ये याच संशोधकांच्या एका लेखात, राजस्थानच्या ग्रामीण भागात महिन्याला एक किलोहून अधिक तूप खाणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळल्याची नोंद होती. हा निष्कर्ष आजही तुपाच्या समर्थनार्थ सांगितला जातो. तथापि ही एका वेळची पाहणी होती, त्यामुळे तुपामुळेच विकार टळला, असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय तो निष्कर्ष केवळ पुरुषांविषयीचा होता. त्याच घरांतील स्त्रियांच्या ताटात किती तूप पडत होते, हे त्यावरून कळत नाही.