दिव्यांची बोली: जहाजापासून मोटारीपर्यंत

31 मे 1916 ची रात्र. उत्तर समुद्रात जटलंडची लढाई ऐन अंधारात शिरत असताना ‘लायन’ या ब्रिटिश युद्धनौकेने शेजारच्या ‘प्रिन्सेस रॉयल’ला दिव्याच्या उघडझापीने विचारले: आजची ओळखीची खूण आणि तिचे उत्तर काय? आमच्याकडचे हरवले आहे. उत्तरही दिव्यानेच आले. जवळच काळोखात असलेल्या जर्मन जहाजांनी तो उजेड पाहिला आणि खुणेचा काही भाग टिपून घेतला.

वाहनांनी उजेडातून एकमेकांशी बोलावे ही कल्पना आज मोटारींच्या संदर्भात नवी म्हणून मांडली जाते. तिचा जुना इतिहास असा समुद्रावर आहे. फिलिप कोलंब (अमेरिकेला गेलेला कोलंबस नव्हे) या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने दिव्यापुढे झडप बसवून लांब आणि आखूड लखलखाटांची पद्धत घडवली. 1867 मध्ये आरमाराने ती स्वीकारली. माझ्या मते कोलंबची खरी कामगिरी झडपेत नाही. दोन्ही जहाजांवर एकच संकेतपुस्तक आणि ते वाचायला शिकवलेला माणूस असला पाहिजे, या व्यवस्थेत ती आहे.

बिनतारी संदेश आले तरी दिवा गेला नाही. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक ओलांडणारे ताफे शक्यतो बिनतारी यंत्र बंद ठेवत, कारण त्या लहरींवरून जहाजाची दिशा शत्रूला काढता येई. दिवा मात्र नजरेच्या टप्प्यापलीकडे काही सांगत नाही. हा त्याचा तोटा, आणि हीच त्याची ढाल. त्या ढालीला भोक कुठे असते, हे ‘लायन’ने आधीच दाखवले होते.

1880 मध्ये ग्रॅहॅम बेल आणि समनर टेंटर यांनी वॉशिंग्टनमध्ये सूर्यकिरणावरून माणसाचा आवाज 213 मीटर दूर पोहोचवला. बेलला हा शोध टेलिफोनहून मोठा वाटे. पण ढग आला की बोलणे बंद.

मोटारीच्या दिव्याला वाचा फुटायला एलईडी यावा लागला. जुन्या बल्बची तार तापलेलीच राहते, झटपट विझत नाही. एलईडी सेकंदात लाखो वेळा उघडमीट करू शकतो आणि डोळ्याला तो सलग पेटलेलाच दिसतो. 1999 मध्ये हाँगकाँग विद्यापीठात ग्रँथम पँग आणि सहकाऱ्यांनी एलईडीच्या वाहतूक सिग्नलमधून आवाज पाठवून दाखवला. जपानमध्ये केइओ विद्यापीठाच्या मासाओ नाकागावा यांच्या पुढाकाराने 2003 मध्ये कंपन्यांचा संघ उभा राहिला. 2007 च्या लेक्सस गाडीत एलईडीचे हेडलाइट आले. 2011 मध्ये या संवादाचे आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. पुढे नागोयाच्या ताकाया यामाझातो यांनी ग्राहक म्हणून कॅमेरा वापरला. चित्रात सूर्य एका जागी आणि समोरच्या गाडीचा दिवा दुसऱ्या जागी दिसतो, त्यामुळे दोन उजेड वेगळे करता येतात. बेलला अडवणाऱ्या ढगावर नव्हे, तरी उन्हाच्या झगमगाटावर हा उतारा होता.

आजचा ब्रेकलाइट फक्त ‘दाबला’ एवढेच सांगतो. किती जोरात, हे तो मागच्या गाडीला सांगू शकला तर साखळी अपघात टळू शकतील. तरीही रस्त्यावर हे आले नाही. धुके आहे, मध्ये आडवा ट्रक आहे, वळणापलीकडचे दिसत नाही. तिथे रेडिओ सरस. अमेरिकेने 1999 मध्ये वाहनांसाठी 75 मेगाहर्ट्‌झचा रेडिओपट्टा राखूनही ठेवला. मग 2020 मध्ये त्यातले 45 काढून घेण्याचे ठरले, कारण वीस वर्षांत तो फारसा वापरलाच गेला नाही. म्हणजे अडले ते नुसत्या उजेडामुळे नव्हे. आरमारात एक हुकूम सुटला की सगळ्या जहाजांवर तेच पुस्तक पोहोचते. रस्त्यावर पहिल्या बोलक्या गाडीशी बोलायला दुसरी कोणीच नसते, आणि त्या पहिल्या गाडीचे जादा पैसे कोण मोजणार?

आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर ‘यूज डिपर अ‍ॅट नाइट’ लिहिलेले असते. घाटात समोरून डिपर मारला गेला की त्याचा अर्थ ‘थांब, मी येतोय’. गावातल्या अरुंद गल्लीत बऱ्याचदा ‘तू आधी जा’. ब्रिटनच्या नियमपुस्तकात मात्र एकच अर्थ छापला आहे: मी इथे आहे. तिथलेही बरेच चालक त्यातून ‘तुम्ही पुढे व्हा’ असेच वाचतात.