औषध सुटल्यानंतरचा इतिहास

वैद्यकाचा इतिहास आपण बहुधा शोधांच्या क्रमाने सांगतो. अमुक साली अमुक औषध सापडले आणि अमुक रोगाची धास्ती गेली, अशी त्याची मांडणी असते. औषध सुरू कसे झाले याची हकीकत ग्रंथांत मिळते. ते थांबले तेव्हा रोग्याचे काय झाले, याची हकीकत मात्र क्वचितच कोणी लिहून ठेवतो. नैराश्यावरील औषधांच्या बाबतीत ही दुसरी हकीकत साठ वर्षे रेंगाळली आणि अद्यापही ती पुरी झालेली नाही. आज तीच आपणांपुढे ठेवावयाची आहे.

या औषधांचा जन्म बराचसा योगायोगाने झाला. न्यूयॉर्क शहरातील स्टेटन बेटावरच्या सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ च्या सुमारास क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड नावाचे नवे औषध देण्यात येत होते. त्याचा फुप्फुसांवर काय परिणाम होतो हे पाहत असता डॉक्टरांच्या ध्यानात आले, की अंथरुणाला खिळलेली माणसे हसूबोलू लागली आहेत. १९५७ साली नेथन क्लाइन यांनी हेच औषध खिन्नतेच्या रोग्यांना देऊन आलेला अनुभव जाहीर केला. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात रोलांड कून हे बाझेलच्या गायगी कंपनीचे इमिप्रामीन तपासून पाहत होते. ज्या रोगासाठी ते दिले त्याला त्याचा उपयोग झाला नाही. परंतु खोल विषण्णतेत बुडालेल्या रोग्यांना त्याने उतार पडला. कून यांचा निबंध १९५७ सालीच प्रसिद्ध झाला.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईतूनही जातो. १९४९ साली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात मांडला आणि पाश्चात्त्य जगाचे लक्ष त्या मुळीकडे वेधले. १९५२ साली तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते घेणाऱ्या काही रोग्यांचे मन काळवंडते असे दिसून आले. आणि त्याने मेंदूतील सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचा साठा घटतो, हेही प्रयोगांत आढळले. या दोन निरीक्षणांची सांगड घालून १९६० च्या दशकात असा सिद्धान्त पुढे आला, की नैराश्य म्हणजे मेंदूतील विशिष्ट द्रव्यांची उणीव होय. विद्वानांनी तो तर्क म्हणून मांडला होता. लोकांपर्यंत पोहोचताना मात्र त्याला निर्णयाचे स्वरूप आले. मधुमेह्याला जसे इन्सुलिन तसे खिन्न माणसाला हे औषध, ही उपमा पुढे घरोघर गेली. २०२२ साली एका विस्तृत आढाव्यात सेरोटोनिनच्या उणिवेचा सुसंगत पुरावा मिळत नाही असे दिसून आले. परंतु तोवर त्या उपमेने आपले काम केले होते. औषध जर केवळ उणीव भरून काढत असेल, तर ते थांबल्यावर मूळची उणीवच उघडी पडेल, नवे असे काही घडणार नाही, ही समजूत तिच्यातूनच रुजली.

वास्तविक नवे काही घडते, हे प्रारंभीच दिसले होते. १९५९ सालीच इमिप्रामीन थांबविल्यावर होणाऱ्या त्रासाचे उल्लेख वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागले. १९६१ साली न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयातील क्रेमर, क्लाइन आणि फिंक या तिघांनी त्या विषयावर स्वतंत्र निबंधच लिहिला. औषध एकाएकी बंद केलेल्या रोग्यांना मळमळ, डोकेदुखी, घेरी, थंडी वाजणे, अशक्तपणा असे त्रास होत होते. हे नैराश्याचे रूप नव्हे, औषध सुटल्याचा हा परिणाम आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मेंदू औषधाला सरावतो, आणि सरावलेली वस्तू अचानक काढून घेतली की तो गडबडतो, इतका सरळ तो अर्थ होता. तथापि हे ज्ञान कपाटात पडून राहिले.

१९८७ च्या डिसेंबरात अमेरिकेने फ्लुओक्सेटीनला परवाना दिला आणि या औषधांचे नवे युग सुरू झाले. पाठोपाठ पॅरोक्सेटीन, सर्ट्रालीन, सिटालोप्राम ही त्याच वर्गातील औषधे आली. जुन्या औषधांपेक्षा ती अधिक निर्धोक होती. अनेकांना त्यांनी जगण्याचे बळ दिले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. परंतु सोयीची वस्तू सहज दिली जाते आणि सहज दिलेली वस्तू थांबविण्याचा विचार मागे पडतो. महिन्यांसाठी सुरू झालेले औषध वर्षानुवर्षे चालू राहू लागले.

औषध सुटल्यावरचे त्रास पुन्हा दिसू लागले तेव्हा प्रश्न उभा राहिला तो नावाचा. अफू किंवा दारू सुटली की जे होते त्याला इंग्रजीत ‘विथड्रॉवल’ म्हणतात. तोच शब्द येथे वापरला तर लोक या औषधांना व्यसन समजतील, ही भीती होती. १९९६ च्या डिसेंबरात अमेरिकेतील फिनिक्स येथे औषध कंपनीच्या खर्चाने तज्ज्ञांची एक बैठक भरली. पुढच्याच वर्षी तिचे निष्कर्ष छापून आले आणि ‘डिसकंटिन्युएशन सिंड्रोम’, म्हणजे खंड पडल्याची लक्षणे, हे सौम्य नाव रूढ झाले. त्याबरोबर असेही मत स्थिरावले, की ही लक्षणे किरकोळ असतात आणि आठपंधरा दिवसांत आपोआप निवळतात. इंग्लंडमधील नाइस या संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेतही ती बहुधा सौम्य असून सुमारे आठवड्यात ओसरतात असे म्हटले होते.

श्रोतेहो, या एका वाक्याचे परिणाम किती दूरवर गेले ते पाहा. समजा, एखाद्या बाईने दहा वर्षे घेतलेले औषध थांबविले. तिसऱ्या आठवड्यातही तिला झोप नाही, डोक्यात विजेचे झटके आल्यासारखे वाटते, कारण नसता रडू कोसळते, पायाखालची जमीन हलते. ती डॉक्टरांकडे जाते. डॉक्टरांच्या पुस्तकात त्रासाची मुदत पंधरा दिवसांची. ती तर टळून गेली. मग हा जुना आजारच उलटला असला पाहिजे! औषध पुन्हा सुरू होते, त्रास थांबतो, आणि निदान खरे ठरल्याचा भास होतो. प्रत्यक्षात औषध सुटल्याचा त्रासही औषध दिल्याने थांबतोच. म्हणजे या कसोटीने काहीच सिद्ध होत नाही. तरी त्या बाईच्या पदरी जन्मभराचे औषध येते, आणि आपल्या मनातच काही दोष आहे ही खंतही येते.

ही कोंडी फुटली ती आपल्या या माध्यमाच्याच नात्यातील एका घटनेने. १९०० च्या नव्हे, अगदी अलीकडच्या, २००२ सालच्या ऑक्टोबरात बी.बी.सी.च्या ‘पॅनोरमा’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात पॅरोक्सेटीनविषयी एक भाग दाखविण्यात आला. त्यानंतर प्रेक्षकांची इतकी पत्रे आली, की त्यांतील १,३७४ ई-मेल पत्रांचा पुढे चार्ल्स मेडावर आणि अँड्र्यू हर्क्सहायमर यांनी अभ्यास केला. डोक्यातील विजेच्या झटक्यांचे वर्णन एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे जवळजवळ त्याच शब्दांत करीत होती. एकाची तक्रार कल्पना ठरू शकते. इतक्या अनोळखी माणसांची एकच कल्पना असू शकत नाही.

तरीही अधिकृत मत बदलायला आणखी सतरा वर्षे लागली. २०१८ च्या फेब्रुवारीत रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्सच्या दोघा ज्येष्ठांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून बहुसंख्य रोग्यांचा त्रास दोन आठवड्यांत सरतो असे सांगितले. रोग्यांनी आणि काही डॉक्टरांनी त्याविरुद्ध रीतसर तक्रार केली. २०१९ च्या मे महिन्यात त्याच कॉलेजने काहींना हा त्रास तीव्र आणि दीर्घकाळ होऊ शकतो हे मान्य केले. सप्टेंबरात सरकारी आरोग्य खात्याचा अहवाल आला. २०१७-१८ या वर्षात एकट्या इंग्लंडात ७३ लाख प्रौढांना ही औषधे लिहून दिली गेली होती, असे त्यात आढळले. ऑक्टोबरात नाइसनेही आपले ते वाक्य बदलले. त्याच वर्षी जूनमध्ये युरोपच्या औषध नियंत्रण संस्थेने या वर्गातील औषधांच्या माहितीपत्रकात आणखी एक इशारा घालण्यास सांगितले : दांपत्यजीवनाशी निगडित असे काही दोष औषध थांबल्यानंतरही टिकून राहू शकतात. ज्या दुःखाविषयी माणूस घरातही बोलत नाही, त्याची नोंद निदान कागदावर झाली.

औषध सोडावे कसे, याचे उत्तरही २०१९ मध्येच अधिक स्पष्ट झाले. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांचा निबंध ‘लॅन्सेट सायकायट्री’मध्ये आला. हॉरोविट्झ हे स्वतः या त्रासातून गेलेले डॉक्टर. त्यांचे म्हणणे स्वयंपाकघरातील उदाहरणाने समजेल. अळणी आमटीत पहिली चिमूट मीठ पडले की चव एकदम पालटते. दहावी चिमूट पडली तर फारसे कळतही नाही. औषधाचेही तसेच आहे. सिटालोप्रामच्या २० मिलिग्रॅमने मेंदूतील सेरोटोनिन-वाहकांपैकी सुमारे ८० टक्के व्यापले जातात. मात्रा ९ मिलिग्रॅमवर आणली तरी ७० टक्के व्यापलेलेच राहतात. आणि अवघ्या दीड मिलिग्रॅमलाही ३० टक्के. म्हणजे निम्मी गोळी कमी करणे सोपे जाते, पण शेवटचा लहानसा तुकडा सोडताना माणूस कड्यावरून उडी घेतो. म्हणून मात्रा जितकी लहान होत जाईल तितके पाऊलही लहान पडले पाहिजे, आणि काहींना त्यासाठी कित्येक महिने द्यावे लागतात. नेदरलँड्समध्ये पीटर ग्रूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच हेतूने रोज किंचित उतरत्या मात्रेच्या पुड्यांच्या पट्ट्या तयार करविल्या. २०२२ च्या नाइसच्या मार्गदर्शिकांनीही पायरीपायरीने उतरण्याचीच शिफारस केली.

येथे तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी प्रयोगात, दीर्घकाळ औषध घेऊन बरे वाटणाऱ्यांपैकी ज्यांनी ते चालू ठेवले त्यांच्यातील ३९ टक्क्यांना वर्षभरात आजार उलटला. ज्यांनी थांबविले त्यांच्यात हे प्रमाण ५६ टक्के होते. औषध अनेकांचे रक्षण करते, आणि थांबविणे हाच सर्वांसाठी योग्य मार्ग नव्हे. २०२४ सालच्या एका आढाव्यात ७९ अभ्यासांतील सुमारे २१,००० रोग्यांचा विचार झाला. औषध थांबल्यावर ३१ टक्क्यांना त्रास झाला, आणि नुसत्या साखरेच्या गोळ्या थांबलेल्यांपैकीही १७ टक्क्यांना! तीव्र त्रास सुमारे पस्तिसात एकाला झाला. हे आकडे दिलासा देणारे आहेत. परंतु त्यांत थोडा काळच औषध घेतलेल्यांचा भरणा मोठा आहे, हे टीकाकारांचे म्हणणेही खरे आहे. आणि पस्तिसात एक म्हणजे औषध सोडणाऱ्या लाखांत जवळजवळ तीन हजार माणसे.

मग ज्याचा त्रास लांबला आहे त्याने काय करावे? या दीर्घ त्रासावर सिद्ध झालेला रामबाण उपाय आज नाही. परंतु इतिहासाने काही व्यवहारज्ञान दिले आहे. पहिली गोष्ट ओळखण्याची. उलटलेला आजार बहुधा हळूहळू आणि आपल्या जुन्या चेहऱ्याने येतो. औषध सुटल्याचा त्रास बहुधा थोड्या दिवसांत येतो आणि घेरी, विजेचे झटके अशी पूर्वी कधी नसलेली लक्षणे बरोबर आणतो. म्हणून तारीख, मात्रा आणि लक्षणे एका वहीत लिहून ती डॉक्टरांपुढे ठेवावी. थांबविल्यावर लगेच तीव्र त्रास झाल्यास डॉक्टर पूर्वीची मात्रा देऊन पुढे अधिक सावकाश उतरवू शकतात. हा त्रास पुष्कळदा लाटांसारखा येतो-जातो. चांगल्या दिवसानंतर वाईट दिवस आला म्हणजे सारे वाया गेले असे नव्हे. झोपेची ठरलेली वेळ, चालणे, आणि कामाचा भार थोडा हलका करणे ही साधने साधी आहेत, पण दिवस तरून नेतात. आणि जीव नकोसा होत असेल तर मात्र क्षणभरही वाट पाहू नये. २०२२ साली भारत सरकारने सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे.

दुसरी गोष्ट घरातल्यांसाठी. आपल्याकडे पुष्कळदा औषध ठरवून थांबत नाही, ते तुटते. प्रवासात पाकीट विसरते, पैशांची ओढ लागते, लग्न ठरताना गोळ्या लपवाव्या लागतात, किंवा कोणी वडीलधारे म्हणतात, “आता बरी आहेस ना, मग कशाला हव्यात त्या गोळ्या?” वर्षानुवर्षे घेतलेले औषध असे एका दिवसात सोडू नये आणि सोडायला लावू नये. डॉक्टरांना विचारून, वेळ देऊन, पायरीपायरीने उतरावे. आणि चालूच ठेवणे हिताचे असेल तर त्यात लाज मानू नये.

१९६१ साली तीन डॉक्टरांनी जे लिहिले ते पुन्हा मान्य व्हायला २०१९ साल उजाडले. मधल्या काळात ज्ञान हरवले नव्हते. ते रोगी रोज दवाखान्यात जाऊन तोंडाने सांगत होते. ऐकणाऱ्याने आपले पुस्तक आधी उघडले आणि कान मागाहून. आपल्यापैकी फार थोडे डॉक्टर आहेत. परंतु जवळच्या माणसाने “मला अजून बरे वाटत नाही” असे म्हटल्यावर त्याला मुदत न घालणे, एवढे तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आहे.