कुऱ्हाडीपासून बॅटरीच्या करवतीपर्यंत



अलीकडे बाजारात एक नवे अवजार दिसू लागले आहे. एका हातात मावणारी, बॅटरीवर चालणारी छोटी चेन सॉ, म्हणजे साखळीची करवत. विकणारा म्हणतो, "घ्या, आता कुऱ्हाड अडगळीत टाका." तुम्ही विचारता, "खरंच कामाची आहे का हो?" उत्तर हवे असेल तर हे अवजार कोणत्या वाटेने इथवर आले ते आधी पाहू या. अवजार ज्या अडचणीतून जन्माला येते, त्याच कामाला ते नीट लागते.

वजनाची अडचण

दात असलेली साखळी फिरवून कापायचे ही कल्पना लाकडासाठी निघालीच नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील डॉक्टरांनी ती हाड कापण्यासाठी वापरली. ती हाताने ओढायची बारीक साखळी होती.

झाडांच्या कामातला तिचा मोठा टप्पा जर्मनीतला. १९२६ साली आंद्रेयास श्टील यांनी विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली. म्हणजे पाहा, श्टील यांच्याकडे वीज आधी आली आणि पेट्रोल नंतर! पण विजेची तार जंगलात कुठवर नेणार? म्हणून १९२७ साली एमिल लेर्प यांनी पेट्रोलवरची करवत बनवून डोलमार नावाच्या डोंगरावर चालवून पाहिली. श्टील यांचीही पेट्रोलची करवत १९२९ मध्ये आली. ही यंत्रे इतकी जड होती की दोन टोकांना दोन गडी लागत. आपल्याकडच्या दोघांनी ओढायच्या करवतीसारखाच प्रकार.

पुढची तीस वर्षे वजन उतरवण्यात गेली. १९५९ साली श्टीलची साधारण १२ किलोची करवत निघाली, ती एकटा गडी चालवू शकत असे.

अळीने दिलेला धडा

दुसरी अडचण दातांची. सुरुवातीचे दात साध्या करवतीसारखे सरळ होते. लाकूड कापण्यापेक्षा खरवडायचेच जास्त, आणि लवकर बोथट व्हायचे. १९४६ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने ओंडक्यात एक अळी पाहिली. आपल्या आंब्याच्या खोडात भिरुड शिरते ना, तशीच लाकूड पोखरणारी. ती आपले वाकडे जबडे डावीकडे-उजवीकडे चालवत ओल्या-सुक्या लाकडातून आरामात वाट काढत होती. कॉक्स यांनी तसेच वाकडे दात, एक डावा एक उजवा, साखळीला बसवले आणि १९४७ पासून ती साखळी विकायला काढली. आजही बहुतेक साखळ्यांचे दात त्याच घडणीचे असतात. दात हेच खरे अवजार. धार गेली की बॅटरी कितीही भरा, यंत्र नुसते कण्हत राहते.

तार सुटली

विजेची तार सुटायला बराच काळ लागला. जुन्या बॅटऱ्या जड असत आणि लवकर उतरत. १९९१ साली जपानमध्ये लिथियम-आयन बॅटरी विक्रीला आली. ती हलकी आणि दमदार. खिशातला मोबाईल चालतो तो याच जातीच्या बॅटरीवर. या शोधाला २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीमुळेच चार ते सहा इंची पात्याची छोटी करवत शक्य झाली.

मग घ्यावी का?

ज्याच्याकडे आंबा, पेरू, सीताफळ, डाळिंब यांची बाग आहे आणि दरवर्षी मनगटाएवढ्या फांद्यांची छाटणी असते, त्याला ती नक्की उपयोगी. आवाज कमी, धूर नाही, मनगटाला दम नाही. बोटाएवढ्या काड्यांना मात्र कात्रीच बरी. बांधावरची जुनी बाभूळ पाडायची असेल तर हिच्या नादी लागू नका. पात्यापेक्षा जाड खोडात ती अडकते. आंबा, चिंच, साग अशी झाडे तर महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली येतात, परवानगीशिवाय तोडू नयेत.

अवजार लहान म्हणून धोका लहान नाही. पात्याचे टोक वरच्या बाजूने फांदीला लागले की करवत उसळून अंगावर येते. एका हाताने करवत चालवून दुसऱ्या हाताने फांदी धरण्याचा मोह होतो, आणि बोटे जातात ती तिथेच. शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर हात नेऊन चालवू नका. डोळ्यांना चष्मा लावा. साखळीला हात लावण्यापूर्वी बॅटरी काढा. साखळीला अधूनमधून तेल द्या, दात कानशीने घासा. बॅटरी उन्हात ठेवू नका. फुगलेली बॅटरी वापरू नका.

कापायचे कुठे?

इतिहासातली शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची. अमेरिकेतील वृक्षतज्ज्ञ ॲलेक्स शिगो यांनी १९५९ नंतर याच एका माणसाच्या साखळी-करवतीने हजारो झाडे उभी चिरून आतली जखम पाहिली. त्यांना दिसले की माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही; झाड कुजक्या भागाभोवती आतून जणू भिंत घालते. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडे असते. ते कडे राखून कापले तर झाड जखम झाकते. खोडाला घासून कापले तर कूज आत शिरते. लांब खुंट ठेवला तरी तेच.

जड फांदी तीन कापांत काढा. पहिला काप थोडा दूर, खालून, अर्ध्यापर्यंत. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून. तिसऱ्या कापाने उरलेला खुंट कड्यालगत काढा. असे केले म्हणजे साल सोलत खाली येत नाही.

तेव्हा मंडळी, ऐपत आणि बाग असेल तर करवत अवश्य घ्या. नसेल तर चांगली धार लावलेली हातकरवतही हेच काम करते, फक्त वेळ जास्त लागतो. कोयत्याच्या दहा घावांनी चेचलेल्या फांदीपेक्षा हातकरवतीचा एक नीट काप झाडाला केव्हाही बरा.