पाटलिपुत्रातील एक परका

पाटण्यातील कुम्हरार येथे मी प्रथम गेलो तो सेवेच्या अगदी आरंभीच्या काळात. मौर्यांची राजधानी पाहावयाची म्हणून मोठ्या उत्सुकतेने गेलो, आणि एका बागेतील पाणी साचलेल्या खड्ड्यापाशी उभा राहिलो. ऐंशी खांबांच्या सभामंडपाचे अवशेष येथे डेव्हिड स्पूनर यांनी 1912-13 मध्ये उजेडात आणले. खर्च उचलला होता जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी. पुढे 1951 ते 1955 या काळात तेथे पुन्हा उत्खनन झाले, ते डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांच्या देखरेखीखाली. परमुलखात राहणाऱ्या मराठी माणसाला असे एखादे आपले नाव अवचित भेटले की बरे वाटते. असो.

त्या खड्ड्याहून अधिक जिवंत पाटलिपुत्र मला सापडले ते मेगॅस्थेनिसच्या वृत्तांतात. सेल्युकसचा हा राजदूत इ.स.पू. 300 च्या सुमारास चंद्रगुप्ताच्या दरबारी आला. त्याचा ‘इंडिका’ हा ग्रंथ नष्ट झाला. उरले ते स्ट्रॅबो, एरियन, डायोडोरस आदींनी घेतलेले उतारे. नगराची लांबी 80 स्टेडिया, म्हणजे सुमारे पंधरा किलोमीटर, आणि रुंदी जेमतेम तीन. लाकडी तट, त्याला 570 बुरूज व 64 दरवाजे. पुढे बुलंदीबागेत जाडजूड लाकडी तटाचे अवशेष मिळाले तेव्हा निदान लाकडाविषयी तरी ग्रीक खरे बोलत होता, हे सिद्ध झाले. लोक घरे राखणीवाचून सोडून जातात, भात खातात, जेवणाची ठराविक वेळ पाळत नाहीत आणि एकेकटे जेवतात, याचे त्याला नवल वाटले. पंगतीत मद्य घेत बसणाऱ्या ग्रीकाला ते वाटणारच!

त्याच्यावर सर्वस्वी विसंबता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. कानांवर निजणारी व तोंडच नसलेली माणसे त्याने लिहिली, म्हणून स्ट्रॅबोनेच त्याला खोटारड्यांत जमा केले. भारतात गुलाम नाहीत असे तो म्हणतो; अशोकाच्या शिलालेखांत मात्र दासांचा उल्लेख स्पष्ट आहे. माझा अनुभव असा, की बाहेरचा माणूस ऐकीव गोष्टींत चुकतो. ज्या कचेरीशी त्याचा रोज संबंध येतो तिच्याविषयी सहसा चुकत नाही.

म्हणूनच नगराच्या कारभाराविषयीचा त्याचा मजकूर मी वारंवार वाचतो. पाच-पाच जणांच्या सहा समित्या. एकीकडे कारागिरी, एकीकडे जन्ममृत्यूची नोंद, तीही करासाठी आणि उच्चनीच कोणाचाही जन्म वा मृत्यू शासनाच्या नजरेआड होऊ नये यासाठी. बाकीच्या तिघी वजनेमापे, नव्या-जुन्या मालाची सरमिसळ आणि विक्रीचा दहावा हिस्सा पाहत. दुसरी समिती मात्र केवळ परक्यांसाठी. ती त्यांना उतरायला जागा देई, दिमतीला माणसे देई, आजारपणात शुश्रूषा करी, परत जाताना सोबत करी. कोणी मेल्यास त्याचे दफन करून मालमत्ता आप्तांकडे पोचती करी. दिमतीची तीच माणसे पाहुण्याच्या वागण्यावर नजरही ठेवीत. मेगॅस्थेनिस स्वतः याच समितीचा पाहुणा असला पाहिजे, असे मला नेहमी वाटते.

कौटिलीय अर्थशास्त्रात या समित्या नाहीत. तेथे नागरक, स्थानिक आणि गोप आहेत. गोपाने दहा, वीस वा चाळीस कुटुंबांची नावे, व्यवसाय व जमाखर्च जाणावा, धर्मशाळेच्या चालकाने उतारूंची वर्दी द्यावी, अशी आज्ञा आहे. अर्थशास्त्राचा काळ वादग्रस्त आहे, तेव्हा दोन्ही वर्णने एकमेकांवर चपखल बसवण्याचा अट्टहास मी करणार नाही. पण फरक लक्षणीय आहे. कौटिल्याच्या त्या प्रकरणात परका येतो तो मुख्यतः संशयित म्हणून. ग्रीकाच्या समितीला त्याच्या मरणानंतरचेही काम आहे.

अनेक वर्षांपूर्वी मी एका जिल्ह्यात असताना वीटभट्टीवरचा एक मजूर तापाने मेला. परप्रांतातला, हजेरीवहीत त्याचे नुसते नाव, पुढे गाव नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा 1979 चा कायदा तेव्हा लागू होता, त्यात नोंदवह्यांची तरतूदही होती. पोलिसांनी पंचनामा केला, रुग्णालयाने दाखला दिला, कामगार खात्याने ठेकेदाराकडे बोट दाखवले. प्रत्येकाचे कागद चोख होते. त्याच्या घरी कळवणे हे काम मात्र कोणाचेच नव्हते, आणि दोन दिवस माझ्याही ते ध्यानात आले नाही. शेवटी भट्टीवरच्या एका बाईने गावाचे नाव सांगितले, तेव्हा तेथील तहसीलदारांना मी तार केली. तोवर अंत्यसंस्कार उरकले होते.

त्याची पत्र्याची पेटी मालखान्यात जमा होती. आत दोन सदरे, एक आरसा आणि मजुरीचे काही रुपये होते. पेटी घेण्यास त्याचा भाऊ येईल, असे उत्तर आले. तो येण्यापूर्वीच माझी बदली झाली.