शोधनिबंधावरची नावं कशी मोजायची?

पाठ्यपुस्तकात बहुतेक शोधांना एकच नाव चिकटलेलं असतं. बॉइलचा नियम, रामन परिणाम, मेंडेलचे नियम. शोध म्हणजे एका माणसाचं काम, अशी समजूत त्यातून मुलांच्या मनात घट्ट बसते. पण शोध जगापुढे येतो तो शोधनिबंधातून, आणि त्याच्या मथळ्याखाली नावं किती, कोणत्या क्रमाने आणि कुणाची छापायची याच्या रीती काळानुसार आणि विषयानुसार बदलत आलेल्या आहेत. या नावांची मोजणी गेली शंभर वर्षं चालू आहे. ती करणाऱ्यांना काय दिसलं आणि काय निसटलं, हे आपण या लेखात पाहू.

छापलेली आणि न छापलेली नावं

सतराव्या शतकात रॉबर्ट बॉइलच्या प्रयोगशाळेत बरीच माणसं राबत होती. हवा उपसणारा पंप तयार करण्यात रॉबर्ट हूकचा मोठा हात होता. डेनिस पापँ यानेही पुढे बॉइलसाठी प्रयोग केले. ही दोघं स्वतःही नामवंत झाली म्हणून आपल्याला माहीत आहेत. बाकीचे मदतनीस जवळपास निनावीच राहिले. इतिहासकार स्टीव्हन शेपिन यांनी १९८९ साली या 'अदृश्य' माणसांवर लेख लिहिला. त्या काळी हातांनी काम करणारा हा पगारी नोकर मानला जाई. ज्ञान मालकाचं, अशी समाजाचीच धारणा होती. म्हणजे लेखक कोण, हा प्रश्न पहिल्यापासून मानमरातबाशी जोडलेला आहे.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. फेब्रुवारी १९२८ मध्ये कलकत्त्याला लागलेल्या शोधाची पहिली बातमी 'नेचर'मध्ये ३१ मार्च १९२८ रोजी छापून आली. त्या छोट्या पत्राखाली दोन नावं होती, सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन. इंग्रजी वर्णानुक्रम पाळला असता तर कृष्णन यांचं नाव आधी आलं असतं. नोबेल पारितोषिक १९३० साली एकट्या रामन यांना मिळालं आणि शोधालाही त्यांचंच नाव लागलं. निबंधावर दोन नावं, पाठ्यपुस्तकात एक! यात कुणावर अन्याय झाला का, याचा निवाडा इथे करायचा नाही. मात्र श्रेयाचा हिशेब निबंध, पारितोषिक आणि पाठ्यपुस्तक अशा तीन वह्यांत वेगवेगळा लिहिला जातो, एवढं लक्षात घेऊ.

लोटका यांची मोजणी

नावं पद्धतशीर मोजण्याचं महत्त्वाचं काम केलं आल्फ्रेड लोटका यांनी. भक्ष्य आणि भक्षक यांच्या संख्येची समीकरणं मांडणारे हेच ते लोटका. त्यांनी १९२६ साली 'केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स' या सूचीतली १९०७ ते १९१६ या काळातली, इंग्रजी 'ए' आणि 'बी' या अक्षरांनी सुरू होणारी ६८९१ नावं मोजली. त्यांतल्या सुमारे ५८ टक्के लोकांच्या नावावर एकच निबंध होता. लोटकांना एक ढोबळ नियम दिसला. एकच निबंध लिहिणारे १०० असतील, तर दोन लिहिणारे सुमारे २५, तीन लिहिणारे ११. म्हणजे संख्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत जाते.

नियम सुबक आहे. पण मोजताना लोटकांनी एक निर्णय घेतला होता. निबंध अनेकांचा असेल तर तो फक्त प्रमुख लेखकाच्या खात्यावर टाकायचा. सहलेखक मोजणीतून गळले. त्या काळी निदान रसायनशास्त्रात याने फार बिघडत नव्हतं, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी बहुसंख्य निबंध एकेकट्याचे असत. पण चित्र झपाट्याने बदललं. डेरेक द सोला प्राइस या विज्ञानाच्या इतिहासकाराने १९६३ साली भाकीत केलं, की हाच वेग राहिला तर १९८० पर्यंत एकट्याने लिहिलेला निबंध नामशेष होईल. तसं झालं नाही; गणितात आणि इतिहास, साहित्य यांसारख्या विषयांत एकट्याने लिहिणं चालूच राहिलं. परंतु दिशा बरोबर होती. हिग्ज कणाचं वस्तुमान सांगणाऱ्या २०१५ सालच्या निबंधाला ५१५४ लेखक होते. ३३ पानांपैकी २४ पानं नावांनी आणि त्यांच्या संस्थांनी भरली होती.

क्रमाचा अर्थ

इथे खरी अडचण सुरू होते. जीवशास्त्राच्या किंवा वैद्यकाच्या निबंधात पहिलं नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं, आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. मधली नावं मदतीच्या मानाने. गणितात मात्र नावं वर्णानुक्रमाने लावायची पद्धत आहे. हार्डी आणि लिटलवुड यांच्या जोडीत हार्डी आधी येतात ते केवळ 'एच' हे अक्षर 'एल'च्या आधी येतं म्हणून. अर्थशास्त्रात आणि मूलकणांच्या भौतिकीतही बऱ्याच अंशी हीच रीत आहे.

या रीतीची गंमतही झालेली आहे. विश्वातली मूलद्रव्यं कशी निर्माण झाली यावर राल्फ आल्फर या विद्यार्थ्याने जॉर्ज गॅमाव यांच्या हाताखाली काम केलं. आल्फा, बीटा, गॅमा जुळावं म्हणून गॅमाव यांनी निबंधात हान्स बेथे यांचं नाव घातलं. बेथे यांचा त्या कामात वाटा नव्हता. निबंध प्रसिद्ध झाला १ एप्रिल १९४८ रोजी! पण दोन नामवंतांच्या सोबतीत काम खरं कुणाचं हे झाकलं जाईल, याची रुखरुख तरुण आल्फर यांना लागली.

रीतीचे परिणाम गमतीपुरते राहत नाहीत. लिरान ऐनाव आणि लीआत यारिव्ह यांनी २००६ साली अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या आडनावांची पाहणी प्रसिद्ध केली. नामांकित विभागांत कायम नेमणूक मिळण्याची शक्यता वर्णमालेत आधी येणाऱ्या आडनावांच्या लोकांना जास्त होती. मानसशास्त्रात नावं वर्णानुक्रमाने लावत नाहीत. तिथे असा फरक आढळला नाही.

गुण कसे वाटायचे?

एक छोटं गणित करून पाहू. 'अ' यांनी एकट्याने एक निबंध लिहिला. 'ब' यांनी तीन निबंध लिहिले. प्रत्येकाला पाच लेखक आणि 'ब' यांचं नाव दरवेळी शेवटी. प्रत्येक लेखकाला पूर्ण गुण दिला तर अ ला १, ब ला ३. निबंधाचा एक गुण समान वाटला तर अ ला १ आणि ब ला ०.६. फक्त पहिल्या लेखकाला गुण दिला तर अ ला १, ब ला शून्य. माणसं तीच, कामही तेच. पण पद्धत बदलली की पुढचा मागे आणि मागचा पुढे जातो.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या नियमांत पहिला लेखक आणि मार्गदर्शक यांना मिळून ६० टक्के, बाकीच्यांना मिळून ४० टक्के गुण होते. २०१८ च्या नियमांत दोनच लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के, आणि त्याहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के असं ठरलं. बेरीज करून पाहा. मुख्य लेखक एकच धरला तरी तिघांच्या निबंधाचे १३० टक्के होतात, पाच जणांच्या निबंधाचे १९०. पहिल्या नियमात भाकरी तेवढीच, वाटेकरी वाढत. दुसऱ्यात वाटेकऱ्यांबरोबर भाकरीही फुगते. आणि वर्णानुक्रमाने नावं लावणाऱ्या गणितज्ञांत मुख्य लेखक कोणाला म्हणायचं?

श्रेय आणि जबाबदारी

नावाला दुसरी बाजूही आहे. हार्वर्डमधला हृदयरोगाचा संशोधक जॉन डार्सी १९८१ साली खोटे आकडे तयार करताना पकडला गेला. त्याच्या निबंधांवर सहलेखक म्हणून ४७ जणांची नावं होती. वॉल्टर स्टुअर्ट आणि नेड फेडर यांनी १९८७ साली ते निबंध तपासून दाखवले. एका निबंधातल्या वंशावळीत सतरा वर्षांच्या बापाला आठ वर्षांचं मूल होतं! सहलेखकांपैकी कुणाच्याही ते नजरेस आलं नव्हतं. नाव लावायला सगळे होते, वाचायला कुणी नव्हतं.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९८५ साली लेखक कोणाला म्हणावं याचे निकष ठरवले. नुसता पैसा मिळवून देणं किंवा विभागप्रमुख असणं त्यात पुरेसं नाही. २०१३ साली त्यात कामाची जबाबदारी घेण्याची अटही आली. यंत्राला लेखक म्हणून घेता येणार नाही, असं २०२३ साली मोठ्या नियतकालिकांनी ठरवलं तेही याच कारणाने: यंत्र जाब देऊ शकत नाही. दरम्यान २०१४ पासून, नावं मोजण्यापेक्षा कुणी काय केलं ते लिहावं, अशी १४ कामांची यादी पुढे आली. कल्पना कुणाची, मोजमापं कुणी घेतली, आकडेमोड कुणाची, पहिला मसुदा कुणी लिहिला, असं त्यात सांगायचं असतं.

हे शाळेतही करता येईल. विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यावर पाच नावं असतात. त्या नावांपुढे कुणी काय केलं, ते मुलांना लिहायला सांगावं. तारा जोडणारी, नोंदी ठेवणारा, तक्ता रंगवणारी, सगळ्यांची कामं दिसतील. मग एकेकाला तक्त्यावरच्या कोणत्याही आकड्याबद्दल विचारावं. उत्तर माहीत नसेल तर कुणाला विचारायचं, एवढं तरी प्रत्येकाला सांगता आलं पाहिजे. नाव लावण्याचा अर्थ मुलांना इथेच कळू लागेल.