सूर्याने भाजले, सूर्याने सांधले

ग्रहणात सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, असे आम्ही शाळेत मुलांना वर्षानुवर्षे बजावीत आलो. जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणात जर्मनीतील एका वैद्यकीय विद्यार्थ्याने तसे पाहिले आणि त्याच्या दृष्टिपटलावर भाजल्याचा व्रण राहिला. तो व्रण पाहून डॉ. गेर्ड मायर-श्विकेराट (१९२०–१९९२) या तरुण नेत्रवैद्याच्या मनात आले की, ज्या उन्हाने पटल भाजते, त्याच उन्हाने फाटलेले पटल सांधता येणार नाही काय?

हँबुर्ग येथे रुग्णालयाच्या छपरावर आरसे बसवून त्यांनी रुग्णाच्या डोळ्यात ऊन सोडले. १९४९ मध्ये यश आले. परंतु ढग येताच काम थांबे. म्हणून पुढे झाइस कंपनीच्या साहाय्याने झेनॉन दिव्याचे यंत्र सिद्ध झाले. त्याच प्रकाशाने ते डोळ्यातील लहान कर्कगाठीही जाळू लागले. १९५९ पासून एसेन येथील त्यांचे नेत्रालय अशा रोग्यांचे आशास्थान बनले. आजचे लेसर-उपचार याच वाटेने आले.

मात्र गाठ लहान असेल तरच डोळा वाचण्याची आशा अधिक. म्हणून ज्ञातिभगिनींना आमची विनंती की, बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास दृष्ट काढीत दिवस दवडू नयेत. तत्काळ नेत्रवैद्य गाठावा.