ठोकळे, पट्ट्या आणि काडेपेटीच्या काड्या: बांधायच्या खेळण्यांतून ‘स्टीम’ कसं शिकता येतं?

“मुलगी आठ वर्षांची झाली, कुठला स्टीम किट घेऊ?” मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे दर दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हा प्रश्न नातेवाइकांकडून येतोच. काहीशे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत किट मिळतात, आणि खोक्यावर ‘स्टीम’ छापलं की किंमत चढते. म्हणून आधी बघू की अशा खेळण्यात मूल नक्की शिकतं काय. खरेदीचं नंतर.

स्टीम म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, आर्ट्स आणि मॅथेमॅटिक्स यांची आद्याक्षरं. आधी शब्द ‘स्टेम’ होता, कला मागाहून आली. हे विषय वेगवेगळ्या तासांत न अडकवता एकाच कामातून शिकावेत, एवढीच त्यामागची कल्पना. ती जुनीच आहे. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली आणि लाकडी घन, गोल अशा वस्तू शिकवण्याचं साधन म्हणून वापरल्या. ‘किंडरगार्टन’ हा शब्दही त्यांचाच. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या खेळण्याचं पेटंट घेतलं, तेच पुढे मेकॅनो झालं.

एका ठोकळ्यात किती गणित?

लेगो कंपनी १९३२ साली डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी एका सुताराने सुरू केली. सुरुवातीचे प्लॅस्टिकचे ठोकळे आतून पोकळ होते, त्यामुळे पकड ढिली राहायची. २८ जानेवारी १९५८ रोजी ज्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला, तिच्यात ठोकळ्याच्या पोटात नळ्या आल्या. वरचे गोल उंचवटे या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये घट्ट बसतात, प्लॅस्टिक किंचित दबतं आणि घर्षणामुळे जोड टिकतो. तरीही तो लहान मुलाला हाताने सोडवता येतो. दोन उंचवट्यांमधलं अंतर ८ मिमी, ठोकळ्याची उंची ९.६ मिमी आणि पातळ पट्टीची ३.२ मिमी. म्हणजे तीन पट्ट्या मिळून एक ठोकळा. अपूर्णांक हातात येतात ते असे.

आता हे करून बघा. आठ उंचवट्यांचे (२ × ४) एकाच रंगाचे दोन ठोकळे घ्या. एकावर एक ते किती प्रकारे बसतील? खालचा स्थिर धरला तर वरचा त्याला समांतर ठेवून ७ × ३ = २१ जागा आणि आडवा ठेवून ५ × ५ = २५ जागा, एकूण ४६. पण जोडी अर्धी फिरवली की बऱ्याच रचना दुसऱ्या एखाद्या रचनेसारख्याच दिसतात. फक्त २ रचना फिरवल्यावर स्वतःसारख्याच राहतात, उरलेल्या ४४ च्या जोड्या लागतात. म्हणून खरं उत्तर २२ + २ = २४. पाचवी-सहावीतलं मूल हे ठोकळे हातात घेऊन मोजू शकतं. तीन ठोकळ्यांना उत्तर १,०६० होतं आणि सहा ठोकळ्यांना ९१,५१,०३,७६५. हा शेवटचा आकडा कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चालवून काढावा लागला, कारण तिथे सुटसुटीत सूत्र हाताशी नाही.

काड्यांचा त्रिकोण

माझ्या मते इंजिनिअरिंगचा सगळ्यात सुंदर धडा जवळजवळ फुकट मिळतो, आणि तो आपल्याकडचा आहे. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेले अरविंद गुप्ता १९७० च्या दशकात मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांचा मेकॅनो तयार केला. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

काडीचा गुल खरवडून टाका. व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापा आणि दोन्ही टोकांना एकेक काडी खुपसा. अशा जोडांनी चौकोन करा आणि कोपऱ्याला हलकं दाबा. तो लगेच तिरका होतो. मग त्रिकोण करा आणि दाबा. तो हलत नाही, कारण तीन बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरून जातात. चौकोनात चारही बाजू तेवढ्याच ठेवून कोन बदलता येतात. आता चौकोनात एक कर्ण घाला (तो बाजूपेक्षा लांब लागतो, बांबूची काडी कापून घ्या), चौकोन ताठ. यानंतर मुलाला रेल्वेचा लोखंडी पूल, विजेचा मनोरा, पत्र्याच्या शेडची कैची दाखवा. त्रिकोण शोधायला सांगावंच लागत नाही. मी हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात फळ्यावर बाण काढून शिकलो, पण दाबून बघण्यात जी खात्री पटते ती बाणांत नव्हती.

गिअरचंही तसंच. मोटरवर ८ दात्यांचं चाक आणि आसावर ४० दात्यांचं लावलं, तर मोटरचे ५ फेरे झाल्यावर आस एकदा फिरतो. वेग पाचपट कमी होतो आणि पीळ देण्याची ताकद, घर्षणात जाते ती सोडून, साधारण पाचपट वाढते. दोन पुस्तकांवर फळी टेकवून चढ करा. जी गाडी चढत नव्हती ती गिअर बदलल्यावर चढते. एसटी घाटात खालच्या गिअरमध्ये का जाते, याचं उत्तर त्या फळीवर मिळतं.

कोडिंग कुठे आलं?

सेमूर पॅपर्ट हे गणितज्ञ लहानपणी गिअरशी खेळत, आणि त्यातूनच गणित आवडू लागलं असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. मुलांसाठीची ‘लोगो’ ही प्रोग्रॅमिंग भाषा १९६७ मध्ये तयार करणाऱ्यांत ते होते. त्यांच्या १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकावरूनच लेगोच्या १९९८ च्या रोबोट किटचं नाव पडलं. पॅपर्ट यांचा मुद्दा मला रोज ऑफिसात पटतो: प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालत नाही, आणि ‘चूक की बरोबर’ यापेक्षा ‘कुठे अडलं, कसं सुधारू’ हा प्रश्न महत्त्वाचा. पूल कोसळला तर मास्तरांनी लाल शाई वापरावी लागत नाही. कोसळलेला पूलच सांगतो.

तरीही रोबोट किटबद्दल मी सावध आहे. माइंडस्टॉर्म्सची मालिका २०२२ च्या अखेरीस बंद झाली. मात्र १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजून बसतो. अशा खेळण्यातला सॉफ्टवेअरचा भाग सगळ्यात आधी म्हातारा होतो, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित आहे. आणखी एक. एका शाळेत महागडे किट काचेच्या कपाटात कुलूपबंद बघितले, सुटे भाग हरवू नयेत म्हणून. तिथली मुलं काचेला नाक लावून रोबोट बघत होती. ज्या वस्तूला हात लावायची भीती वाटते, ती कितीही भारी असली तरी खेळणं राहत नाही.

कलेचा भाग मोजमापात बसत नाही, पण तो शोभेपुरता नाही. ठोकळ्यांची पाटी म्हणजे ठिपक्यांच्या रांगोळीचा कागदच: सममिती, रंगांची आवर्तनं, रिकामी जागा सगळं तिथे आहे. आणि दिवाळीचा किल्ला करताना कुणी मॅन्युअल देतं का? माती घसरली की मुलं उतार कमी करतात, मागे दगड लावतात, तरी बुरूज देखणा हवाच असतो. किटमधलं पुस्तक बघून एक मॉडेल जरूर करू द्या, त्यातून जोडण्याच्या युक्त्या कळतात. मग ते मोडायला लावा आणि पुस्तक बाजूला ठेवून ‘दोन पाटांच्या मधे मोबाईल पेलणारा पूल कर’ असं काहीतरी सांगा.

खरेदीचं थोडक्यात. एकच मॉडेल होणारा मोठा डबा घेण्यापेक्षा साधे, एकसारखे भाग भरपूर असलेला डबा घ्या. मूळ लेगोचं पेटंट केव्हाच संपलंय, त्यामुळे जुळणारे स्वस्त ठोकळेही मिळतात. दहा-बारा एकावर एक लावा आणि सगळ्यात वरचा धरून उचला. मनोरा सुटला तर परत करा. मोटर घ्यायची तर सुट्या बॅटरीवर, ॲपशिवाय चालणारी बघा. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर बारीक भाग त्याच्या हाताला लागू देऊ नका, आणि सुटे पडणारे शक्तिशाली चुंबक असलेली खेळणी घेऊच नका. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याला भोक पडू शकतं.